कठडेवाले बापूसाहेब

प्लास्टिकची जहाजं जोडणाऱ्या माणसांत दोन जाती असतात. पहिली जात पेटीत निघेल ते जोडते, रंग देते, कपाटावर ठेवते आणि जेवायला बसते. दुसरी जात पेटी उघडते, आतल्या प्लास्टिककडे बघून चुकचुकते आणि पेटीच्या दुप्पट-तिप्पट पैसे मोजून परदेशातून पितळेचे पत्रे मागवते. या दुसऱ्या जातीचं जहाज सहसा पूर्ण होत नाही. मात्र त्याबद्दल ही मंडळी एका बैठकीत जितका वेळ बोलतात, तितक्या वेळात पहिल्या जातीचं एखादं जहाज तयार होऊन त्यावर धूळही बसते.

ठाण्याला नौपाड्यात आमची चार मजली जुनी इमारत आहे. तिथे दुसऱ्या मजल्यावर राहणारे बापूसाहेब या दुसऱ्या जातीचे. अगदी अस्सल. त्यांच्या उजव्या तर्जनीवर फेविक्विकचा पापुद्रा कायमचा वस्तीला आहे, त्यामुळे रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर त्यांचं बोट उमटत नाही आणि सरकारदरबारी ते अधूनमधून अस्तित्वातच नसतात. सोसायटीची सहल घारापुरीला गेली होती. लाँचमधून सगळे मागे लहान होत जाणारा गेटवे बघत होते, पोरं पक्ष्यांना वेफर्स फेकत होती आणि बापूसाहेब लाँचच्या कठड्याच्या दोन खांबांमधलं अंतर वितीने मोजत होते. संध्याकाळी कोणीतरी विचारलं, "काय बापूसाहेब, कशी वाटली लेणी?" ते म्हणाले, "जेट्टीवर आडव्या कांबी तीन आहेत, लाँचवर दोनच. फोटोत हे कळत नाही."

आता हा पितळी पत्रा म्हणजे काय ते सांगितल्याशिवाय त्यांचा आजार कळायचा नाही. साच्यात ओतलेलं प्लास्टिक एका हद्दीपलीकडे बारीक होत नाही. एकास साडेतीनशे या मापात पाच फूट सात इंच उंचीचा खलाशी पुरता पाच मिलिमीटरही भरत नाही आणि त्याला आवरणारा कठडा तीन मिलिमीटरच्या आत येतो. तो प्लास्टिकचा केला तर कठडा राहत नाही, भिंत होते. म्हणून पुष्कळशा पेट्यांत कठडा नसतोच. खलाशांनी आपापल्या जबाबदारीवर चालायचं. पितळवाल्यांनी यावर तोड काढली. कागदाइतक्या पातळ पत्र्यावर प्रकाशाने घट्ट होणारा लेप द्यायचा, त्यावर नकाशाची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडायचा, प्रकाश न पोचलेला लेप धुऊन काढायचा आणि पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं पितळ ते द्रावण खाऊन टाकतं आणि उरतात कठडे, शिड्या, दारं, रडारच्या जाळ्या, क्रेनचे सांगाडे. हे सगळं एका चौकटीत बारीक देठांनी लटकत असतं. जिथे दुमडायचं असेल तिथे एकाच बाजूने अर्ध्या जाडीपर्यंत खायला लावतात. ती घडीची रेघ. घडी घालताना ती रेघ आतल्या अंगाला यावी लागते. एकदा उलटी घडी पडली आणि ती सुलटी करायला गेलं की तुकडा हातात येतो. दोन हातांत, अर्धा अर्धा.

एवढी कारागिरी पाहून तुम्ही-आम्ही हात जोडू. बापूसाहेब कॅल्क्युलेटर काढतात. पत्र्याची जाडी ०.१ मिलिमीटर, गुणिले ३५०, म्हणजे ३५ मिलिमीटर. "अगं, खऱ्या जहाजावर ही कांब सव्वा इंचाहून जाड झाली की! खलाशाच्या मुठीत मावेल का ती?" वहिनी मेथी निवडत असतात. मान वर न करता त्या म्हणतात, "आधी त्याला मूठ कुठंय?" ते खरं असतं. पत्र्यातून निघालेले खलाशी चपटे असतात आणि त्यांचे हात अंगाला चिकटलेले असतात. त्या रात्री बापूसाहेब जेवताना गप्प असतात.

नोकरीत ते एका सरकारी खात्यात अभियंता होते. छोटे पूल, मोऱ्या, साकव असं त्यांचं क्षेत्र. त्यांच्या उभ्या कारकिर्दीत एकाही मोरीला वेळेवर कठडा बसला नाही. त्याला कारणं होती: निविदा, पावसाळा, आचारसंहिता, पुन्हा पावसाळा. पण एक विद्या मात्र त्यांनी तिथे पुरती आत्मसात केली. काम नकाशाप्रमाणे झालं नाही तर काम पाडायचं नसतं, झालेल्या कामाप्रमाणे नवा नकाशा काढायचा असतो. त्याला 'अ‍ॅज बिल्ट ड्रॉइंग' म्हणतात. त्यावर साहेबाची सही झाली की मोरी तिरकी राहत नाही, ओढाच तिरका वाहत होता असं ठरतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना श्रीफळ, शाल आणि घड्याळ दिलं. ही विद्या ते स्वतःच घरी घेऊन आले.

मध्यंतरी परदेशी पत्रे परवडेनात म्हणून त्यांनी घरीच पितळ खायला घालायचं ठरवलं. लॅमिंग्टन रोडवरून फेरिक क्लोराइड आलं. अतिनील दिवा म्हणून भाचीचं नेलपॉलिश वाळवायचं यंत्र आलं. लेप धुवायला सोडा लागतो, तो धुण्याचाच, त्यामुळे तो वहिनींच्या डब्यातून आला. बाकी सगळं शास्त्रशुद्ध झालं. फक्त द्रावण जसं खाली खात जातं तसं थोडं आडवंही खातं, हा मुद्दा राहिला. बापूसाहेब चहाला बसले तेव्हा पत्र्यावर कठड्याच्या तीन कांबी स्पष्ट दिसत होत्या. कप खाली ठेवला तेव्हा एक उरली होती. बशी उचलेपर्यंत नुसती चौकट राहिली. उरलेलं द्रावण न्हाणीघरात सांडलं आणि पांढऱ्या फरशीवर पिवळट तपकिरी डाग पडला. तो घासून, लिंबाने, चिंचेने, कशानेही गेलेला नाही. बापूसाहेबांनी आयुष्यात एवढ्या मोऱ्या बांधल्या, पण त्यांचं काम कायमचं टिकलं ते या एकाच मोरीत.

पण खरा प्रसंग असतो तो तुकडा चौकटीतून सोडवण्याचा. काचेच्या तुकड्यावर पत्रा ठेवायचा, पातीने देठ कापायचा, चिमट्याने तुकडा उचलायचा. चिमटा सैल धरला तर तुकडा पडतो, घट्ट धरला तर उडतो. मोहरीच्या दाण्याहून लहान अशी ती वस्तू उडताना 'टिंग' असा आवाज करते आणि त्या आवाजानंतर बापूसाहेबांच्या घरात संचारबंदी लागते. कोणी हलायचं नाही. पंखा बंद. मावशींनी झाडू जिथे असेल तिथे खाली ठेवायचा. दुर्दैव असं की आमच्या इमारतीला जुन्या मोझेकच्या लाद्या आहेत आणि त्यांत पिवळ्या दगडाचे बारीक तुकडे आहेत. ज्याने कोणी त्या बसवल्या त्याला पितळेचा काही राग असावा. बापूसाहेब जमिनीवर गाल टेकून, विजेरी आडवी धरून सावली शोधतात. पाहुणे आले तर त्यांना दारातच, एका पायावर, तीर्थक्षेत्री थांबवावं तसं थांबवलं जातं. कितीतरी वेळाने वहिनी स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा घेऊन येतात, चार ठिकाणी लादीवर दाबतात आणि तुकडा त्यात चिकटून येतो. हे त्यांना कसं जमतं हे बापूसाहेबांनी कधी विचारलेलं नाही. विचारलं तर ते त्यांचं यश ठरेल. मी त्या घरी पोळी खाताना मात्र जरा सावकाश चावतो.

पितळवाल्या माणसाचं आणखी एक लक्षण म्हणजे त्याला जहाज चालत नाही, तारीख लागते. आमच्या चेअरमननी एकदा भाबडेपणाने सुचवलं, "बापूसाहेब, प्रजासत्ताक दिनाला आपली विक्रांत करून ठेवा की खाली मांडवात." बापूसाहेबांचा चेहरा उजळला. विक्रांत सातशे फूट लांब, एकास सातशे हे जपान्यांचं आवडतं माप, म्हणजे मॉडेल बरोबर एक फूट, शाळेच्या पट्टीएवढं. आणि मग त्यांनी विचारलं, "कुठल्या तारखेची?" चेअरमन गडबडले. बापूसाहेब समजावू लागले: १९६१ साली बेलफास्टला आपल्या नौदलात आली तेव्हाची? १९७१च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरात सी हॉक आणि अलिझे उडवत होती तेव्हाची? सी हॅरिअरसाठी पुढे उताराचा डेक चढवला त्यानंतरची? १९९७ला निवृत्त होऊन मुंबईत संग्रहालय झाली तेव्हाची? की २०१४ला भंगारात गेली तेव्हाची? प्रत्येक वेळचा कठडा निराळा, अँटेना निराळ्या. चेअरमन म्हणाले, "कुठलीही करा हो." 'कुठलीही' हा शब्द बापूसाहेबांनी त्यांना अजून माफ केलेला नाही. मांडवात त्या वर्षी रांगोळी काढली.

तर या माणसाच्या हातात सध्या जे जहाज आहे ते बिस्मार्क. जर्मनांची २५१ मीटर लांबीची युद्धनौका, एकास साडेतीनशेला जवळजवळ बहात्तर सेंटिमीटर. तारीख ठरली २१ मे १९४१. त्या दिवशी ती नॉर्वेत बर्गनजवळच्या खाडीत नांगरून होती आणि तिच्या अंगावरचे काळे-पांढरे तिरके पट्टे खलाशांनी करड्या रंगाने झाकून टाकले. बापूसाहेबांनी काय करावं? त्यांनी आधी टेप लावून ते काळे-पांढरे पट्टे रंगवले. सुरेख रंगवले. आणि मग त्यावर करडा रंग मारून सगळे झाकून टाकले. मी म्हटलं, "बापूसाहेब, आता ते दिसत नाहीत." ते म्हणाले, "दिसायचे नाहीतच. पण आहेत." सरकारी खात्यात जमिनीखालची कामं अशीच असतात. ती मोजमाप पुस्तकात दिसतात.

मग आला गणेशोत्सव. विसर्जनाच्या मिरवणुकीला आमच्याच सोसायटीने ढोल-ताशा पथक सांगितलं होतं आणि त्याच्या वर्गणीसाठी दारोदार फिरणाऱ्यांत बापूसाहेब होते. पथक खिडकीखाली आलं, पहिला ठोका पडला, भांडी थरथरली आणि बिस्मार्कच्या पुढच्या मनोऱ्यावरची रडारची जाळी निखळून खाली आली. पितळ प्लास्टिकला फेविक्विकने धरतं, पण धक्का सोसत नाही. त्या जाळीची घडी घालायला त्यांना अख्खा श्रावण लागला होता. मी सांत्वनाला वर गेलो. बापूसाहेब पुस्तक उघडून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, काय सांगावं, समाधान होतं. "२३ मेच्या संध्याकाळी," ते म्हणाले, "बिस्मार्कने नॉरफोक या इंग्रज क्रूझरवर तोफा डागल्या आणि स्वतःच्याच तोफांच्या हादऱ्याने तिचं पुढचं रडार बंद पडलं. स्वतःच्याच! लक्षात येतंय का?" खिडकीबाहेर आमच्याच वर्गणीचा ढोल वाजत होता. जहाजाची तारीख २१वरून २३ झाली. अ‍ॅज बिल्ट.

पुढे हे वाढत गेलं. नातवाचा चेंडू लागून मधल्या डेकवरची एक होडी चेपली. २४ मेच्या पहाटे आइसलँडच्या पश्चिमेला बिस्मार्कशी लढताना इंग्रजांची युद्धनौका हूड बुडाली, तिच्यावरच्या १,४१८ जणांपैकी तिघे वाचले. त्याच लढाईत प्रिन्स ऑफ वेल्स या दुसऱ्या इंग्रज युद्धनौकेचे तीन गोळे बिस्मार्कला लागले आणि त्यांतला एक होडीवर बसला. नातवाला रागवायचं राहूनच गेलं, उलट वीस रुपये मिळाले. लाकडी बैठकीवर जहाज चिकटवताना ते डावीकडे कललं. मी म्हटलं आता तरी हे चूक कबूल करतील. त्यांनी कोनमापक लावला आणि कळवलं की गोळे लागल्यावर बिस्मार्कमध्ये पाणी शिरून ती डावीकडे नऊ अंश कललीच होती. आपली सात कललीय, म्हणजे पाणी अजून शिरतंय. बोटं लागून लागून कठड्याचा रंग निघाला आणि अक्षरशः पितळ उघडं पडलं, तेही अटलांटिकच्या खाऱ्या वाऱ्यावर ढकललं गेलं.

कोणी म्हणेल, मग त्यांना काहीही चालत असेल. मुळीच नाही. तिथेच तर या माणसाची गंमत आहे. नातवाने एकदा स्केचपेनचं टोपण डेकच्या मध्यावर उभं केलं आणि आजोबांची युक्ती आजोबांनाच ऐकवली, "आबा, हे दुसरं धुराडं. त्यांनी इंग्रजांना फसवायला केलं होतं ना?" पोरगं खरं बोलत होतं. शत्रूला ओळख पटू नये म्हणून बिस्मार्कवर खोटं धुराडं बनवलं गेलं होतं. बापूसाहेबांनी टोपण उचलून त्याच्या हातात दिलं. "बनवलं होतं. उभं केलं नव्हतं." जे मोडलं ते इतिहासात बसवायला ते केव्हाही तयार असतात, जे घडलंच नाही त्याला मात्र त्यांच्या डेकवर जागा नाही. मी नोकरशहा पुष्कळ पाहिले, पण खोट्या कागदाला इतक्या खऱ्या पुराव्यांची जोड देणारा हा एकच.

दसऱ्याच्या सुमारास जहाज टेबलावरून कपाटात नेताना खालचं सुकाणू तुटलं. बापूसाहेब बाजारात गेले होते. वहिनींनी घाईने, चष्माही न लावता, फेविक्विकने ते परत बसवलं आणि जरा वाकडं बसलं. बापूसाहेब आले, खाली वाकले, कोनमापक आणला आणि ओरडले, "अगं, बारा अंश! डावीकडे! बरोबर बारा!" २६ मेच्या संध्याकाळी आर्क रॉयल या इंग्रज विमानवाहू नौकेवरून उडालेल्या स्वोर्डफिश विमानांच्या टॉर्पेडोने बिस्मार्कचं सुकाणू नेमकं असंच अडकलं होतं. त्यानंतर ती गोल गोल फिरत राहिली आणि इंग्रजांच्या तोंडी गेली. इतक्या वर्षांच्या संसारात बापूसाहेबांनी वहिनींच्या कुठल्याही कामाचं इतकं मनापासून कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. वहिनींनाही ते नवीन असावं, कारण त्यांनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

पण आता मलाच धास्ती वाटू लागली. बिस्मार्क २७ मेच्या सकाळी १०.३९ला बुडाली. घरातली तारीख २६ मेची रात्र, आणि पुढे दिवाळीची साफसफाई.

ती झालीच. मावशींनी कपाटातला कप्पा पुसायला जहाज उचललं, एका हाताने उचललं, ते उलटं झालं आणि अंतोन, ब्रूनो, सीझर, डोरा हे तोफांचे चारही बुरूज टपाटपा लादीवर पडले. फिरते राहावेत म्हणून बापूसाहेबांनी त्यांना डिंक लावला नव्हता. मावशी पांढऱ्या पडल्या. वहिनी कणीक मळायला गेल्या. बापूसाहेब जमिनीवर बसले, एकेक बुरूज उचलून तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "खऱ्या जहाजावरही ते नुसत्या स्वतःच्या वजनावर बसलेले होते. जहाज उलटलं की पडणारच. १९८९च्या जूनमध्ये रॉबर्ट बॅलार्डला अवशेष सापडले तेव्हा चारही जागी भोकं होती, गोल." मावशींना त्यांनी दिवाळीचा बोनस त्याच दिवशी दिला.

अठ्ठेचाळीस वर्षं एका फटक्यात ओलांडल्यामुळे काम फार सोपं झालं, असं ते आता सांगतात. कठडा वाकला तर वाकू दे, रंग उडाला तर उत्तम. प्रश्न एकच उरला आहे, खोलीचा. अवशेष सुमारे ४,७९० मीटर खोल पाण्यात आहेत. भागिले ३५०, पावणेचौदा मीटर. बापूसाहेबांनी गच्चीवरून टेप सोडून पाहिला, आमच्या इमारतीची उंची पाण्याच्या टाकीच्या तळापर्यंत बरोबर तेवढीच भरते. त्यांनी सोसायटीला रीतसर अर्ज दिला आहे: जहाज तळमजल्यावर मीटरच्या खोलीत ठेवण्यास आणि टाकीच्या तळाशी समुद्रसपाटीची निळी रेघ मारण्यास परवानगी मिळावी. सोबत तीन प्रतींत नकाशा.

मासिक सभेत सेक्रेटरींनी अर्ज दोनदा वाचला. आठवड्यात दोन दिवस आमच्याकडे टँकर येतो, त्यामुळे त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला, "बापूसाहेब, याला पाणी किती लागेल?"

"पाणी लागणार नाही," बापूसाहेब म्हणाले, "ते गृहीत धरलेलं आहे."